आत्याच्या खांद्यावरचा बाबांचा तीळ

तुमच्या अंगावरच्या तिळांचा मालक कोण?

प्रश्न सोपा वाटत असेल, तर तुम्ही माझ्या आत्याला भेटलेला नाहीत. तिच्या उजव्या खांद्याच्या मागे, ब्लाउजच्या काठाला लागून एक तीळ होता, आणि तो माझ्या बाबांचा होता. आत्या हे अगदी सहज सांगायची, बांधापलीकडची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, शेजाऱ्याची आहे असं सांगावं तसं. ती लहान असताना गावच्या सुईणीने तो तीळ पाहिला आणि तिच्या आईला म्हणाली, ही पोरगी खांद्यावर भाऊ घेऊन आली आहे. त्याआधी झालेले मुलगे जगले नव्हते. मग बाबा झाले आणि जगले. तेव्हापासून आत्या तो तीळ सांभाळत होती, दुसऱ्याची वस्तू सांभाळतात तसा. घासताना जपून, खाजवताना जपून.

आता बाबा कोण ते सांगते, म्हणजे तुम्हाला आमच्या घरची पंचाईत कळेल. गोंदियात त्यांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून पोट भरतं आणि पत्रकं छापून मन. अंगात येणाऱ्यांविरुद्ध, ताईत विकणाऱ्यांविरुद्ध, मुलीला शाळेतून काढून चुलीपुढे बसवणाऱ्यांविरुद्ध. बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच, आणि मधल्या सुटीत डबा उघडला की पोळ्यांखालून ‘जागे व्हा’ असं तेलाने पारदर्शक झालेलं वाक्य वर यायचं. अशा घरात वाढल्यावर दुसरं काय होणार, मीही पत्रकं लिहू लागले. माझ्या पहिल्या पत्रकाचा मथळा होता, ‘माझं शरीर, माझा अधिकार’. आत्याला तो इतका आवडला की तिने आपल्या गावात, विहाराच्या दारात उभं राहून, गठ्ठा संपेपर्यंत ते स्वतः वाटलं. खांद्यावर बाबांचा तीळ घेऊन.

तिचं गाव कोहमाऱ्याहून आत आहे. रोवण्याच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत मी दरवर्षी तिच्याकडे जाते. रोवताना माझी ओळ अशी वाकडीतिकडी जाते की बायांनी मला त्या कामावरून कायमचं काढून टाकलं आहे. मी पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या मागून पुरवते. त्यामुळे सगळ्या बाया चिखलात वाकून मागे मागे सरकत असतात आणि माझ्यासमोर नुसत्या पाठीच पाठी असतात.

त्या वर्षी आत्याचा ओला ब्लाउज खांद्यावरून जरा घसरला आणि मला तीळ दिसला. माझ्या आठवणीतला तीळ मसुराच्या डाळीएवढा, गोल, गुमान बसलेला होता. हा बोराएवढा झाला होता. कडा फाटल्या कागदासारखी, अर्धा काळा, अर्धा तपकिरी, आणि मध्ये निळसर झाक.

“आत्या, हा तीळ एवढा कधी झाला?”

“कोनता?”

ओळीतल्या बाया हसायला लागल्या. आत्याच्या शेजारीण काकू वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, “अवं पोरी, थो त मागच्या रोवण्यापासून वाढून राहिला. आमी त पाहूनच राहिलो.”

“मग हिला सांगितलं का नाही?”

“तिले मालूम नसन का? खांदा त तिचाच हाय.”

आत्या कंबर सरळ करत उभी राहिली. “माह्या मागं डोळे हायेत का वं? मले कसा दिसन?”

“आमाले वाटलं,” काकू म्हणाल्या, “भावाचं पोट वाढून राहिलं म्हनून त्याचा तीळबी वाढून राहिला.”

यावर अख्खी बांधी हसली. बाबांचं पोट गेल्या वर्षभरात खरंच पुढे आलं होतं, आणि शास्त्राला नाकारता येणार नाही इतका तो मेळ जुळत होता. मी चिखलाच्या हाताने फोन काढून फोटो घेतला आणि आत्याला दाखवला. आपला तीळ ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

“हा बाबूचा तीळ? बाप्पा, हा त आपल्या तलावाचा नकाशा दिसून राहिला.”

गोंदियाच्या डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि सरळ सांगितलं. हे काही नसूही शकतं, पण तीळ असा वाढला, रंग असा बदलला, तर त्वचेच्या कॅन्सरची शंका घ्यावी लागते. मेलानोमा म्हणतात त्याला. वरच्या थरात असेपर्यंत तो कापून काढता येतो, खाली उतरला की अंगभर फिरतो. म्हणून तुकडा काढून तपासायला हवा.

आत्याने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग आम्ही छापखान्याकडे जायला ऑटो केला. ऑटो सुटल्यावर ती म्हणाली, “हात काप म्हनतीन, त देतो. तीळ नाही देत. थो माहा नाही.”

त्या संध्याकाळी छापखान्यात बाबांनी तिला समजावलं. समजावलं म्हणजे सभाच घेतली. सुईण, योगायोग, कार्यकारणभाव, सगळं झालं. आत्या स्टुलावर बसून मान हलवत होती, मध्येच ‘बरोबर हाय तुहं’ म्हणत होती. भाषण संपल्यावर तिने त्यांना पाण्याचा गिलास दिला आणि विचारलं, “एवढा जोरात बोलून राहिला तू, थो कशाच्या जोरावर?”

बाबांनी आयुष्यात भल्याभल्या बुवांना निरुत्तर केलं आहे. पण इथे अंधश्रद्धेचा पुरावा ते स्वतःच होते, धडधाकट, पोट सुटलेला, पाणी पीत असलेला. पुराव्याने पुरावा कसा खोडायचा?

मला रडू येत होतं आणि हसूही. आत्या त्या तिळापायी मरू शकत होती, आणि ज्याच्यासाठी मरणार होती तो माणूस तिच्यासमोर बसून तिला मरू नको म्हणत होता.

मी शोधाशोध सुरू केली. न कापता काही होतं का? होतं. नागपूरला त्वचारोगाच्या एक डॉक्टरबाई अभ्यासासाठी अशी तपासणी करत होत्या. तिळावर चिकटपट्टी दाबायची, अलगद ओढून काढायची, पट्टीला ज्या वरवरच्या पेशी चिकटतात त्या लॅबला पाठवायच्या, आणि त्या पेशींची जनुकं काय सांगतात ते बघायचं. सुई नाही, सुरी नाही, रक्त नाही.

“पन चिकटपट्टीनं तीळ उपटून आला त?” आत्याची शंका.

बाबा म्हणाले, थांब, दाखवतो. त्यांनी पार्सलला लावायची तपकिरी टेप घेतली, स्वतःच्या हातावर दाबली आणि खसकन ओढली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांच्या कोणत्याही सभेत निघाला नव्हता. आत्याने केसांनी भरलेली टेप उजेडात धरून पाहिली. “केस त सप्पा आले. तीळ राहीन का?”

शेवटी डॉक्टरबाईंनीच फोनवर तिला समजावलं, की ही पट्टी मोठ्या टिकलीसारखी असते. तेव्हा आत्याचा चेहरा उजळला. “टिकली लावाची अन् काढाची? एवढंच हाय त चला.”

आम्ही कोहमाऱ्याहून सकाळच्या बसने नागपूर गाठलं. डॉक्टरबाईंनी आत्याला पालथं झोपवलं, पट्टी लावली, अंगठ्याने गोल गोल दाबली, हात काढला. पट्टी घसरत घसरत पाठीच्या मध्यावर आली. दुसरी लावली. ती थेट खाली, डॉक्टरबाईंच्या चपलेवर. त्यांनी स्पिरिटचा कापूस फिरवला, तो पिवळा होऊन आला, आणि त्या एसीच्या खोलीत मोहाच्या तेलाचा वास असा पसरला की मला आत्याच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं.

“आजी, पाठीला काय लावलंय?”

“तेल,” आत्या उशीत तोंड घालूनच म्हणाली. “टोरीचं. काकूनं सकाळी रगडून रगडून लावून देलं. तिळाले दोन येळा.”

आमच्याकडे मोहाच्या बियांना टोरी म्हणतात, आणि त्यांचं तेल अंगाला लावल्याशिवाय कोणी शहाणं माणूस परगावी, तेही मोठ्या डॉक्टरकडे, जात नाही. “परक्या मानसापुढं भावाचा तीळ असा रुखासुखा कसा न्याचा?” आत्या म्हणाली.

बाबा आत्याला बाई म्हणतात, आमच्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. पडद्यामागून त्यांचा आवाज आला, “बाई, तेलाच्या डब्यावर पत्रक चिकटते का?”

“तू भाईर राय,” आत्या म्हणाली.

डॉक्टरबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. आज काही होणार नाही, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात या, नुसती आंघोळ करून या, आणि काकूंना घरीच ठेवा.

परतीच्या बसमध्ये मात्र माझं डोकं तापलं. एका टिकलीसाठी साठीतल्या बाईने एवढा प्रवास का करायचा? आमच्या जिल्ह्यात भिंग घेऊन पाठी बघणारे डॉक्टर पुरेसे का नसावेत, आणि अशी तपासणी अभ्यासापुरतीच, मोठ्या शहरापुरतीच का असावी? उन्हात वाकून भात लावायचं आमच्या बायांनी, आणि त्यांच्या पाठीकडे बघायला वेळ कोणालाच नाही. मी हे इतक्या जोरात बोलत होते की कंडक्टरने मागे वळून सांगितलं, “मॅडम, सभा उतरल्यावर घ्या.” आत्या खिडकीला डोकं टेकून हसत होती.

दुसऱ्या खेपेला पट्टी चिकटली. पट्टी पारदर्शक होती, तिच्यावरून डॉक्टरबाईंनी पेनाने तिळाभोवती गोल काढला, अलगद ओढली, मग दुसरी, मग आणखी. आत्या श्वास धरून होती.

“झालं, आजी.”

“झालं? मले त गुदगुल्याच झाल्या. अन् ह्या टिकल्या मंग कोन लावन?”

डॉक्टरबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, की प्रत्येक पेशीत जनुकं असतात, काही चालू, काही बंद. या रोगात ठराविक जनुकं नको तेव्हा चालू होतात. पट्टीवरच्या पेशींत ती चालू सापडतात का, हे लॅब बघते.

“म्हनजे कोनत्या खोलीत लाईट जळून राहिला ते पाहाचं.”

“तसंच समजा. लाईट बंद निघाला तर बहुतेक काळजी नाही, पण लक्ष ठेवायचं. चालू निघाला तर तो कॅन्सर आहेच असं नाही, पण मग कापून बघावंच लागेल. ही पट्टी नुसती सांगते, कोणाचा तीळ कापायचा आणि कोणाचा नाही.”

आत्याने पदर परत खांद्यावर ओढून घेतला. डॉक्टरबाईंनी मग तिचे तळपाय, तळहात, नखंही डोळ्यांनी नीट तपासली. तिथे ही पट्टी चालत नाही, म्हणाल्या, आणि आपल्या लोकांत हा रोग पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखालीच निघतो. आत्याच्या तळपायांत चिखल्या होत्या, भेगा होत्या, बाकी काही नव्हतं.

निकाल फोनवर आला तेव्हा बाबा एका लग्नपत्रिकेचा कागद लावत होते. लाईट चालू निघाला होता. बाबांनी मशीन बंद केलं, आणि छापखाना एवढा शांत झाला की बाहेरच्या ऑटोवाल्यांची भांडणं शब्द न् शब्द ऐकू येऊ लागली.

आम्ही गावात पोचलो तेव्हा निंदणाहून आलेल्या बाया आत्याच्या ओसरीवर चहा पीत होत्या. मी निकाल सांगितला आणि लगेच माझं पत्रक सुरू केलं. तुझं शरीर तुझं आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, सुईणीचा नाही, भावाचा नाही, परंपरेचा तर नाहीच नाही.

“माहं शरीर माहं,” आत्या म्हणाली. “हे मीच वाटलं गावात. पन हा तीळ बाबूचा. दुसऱ्याची वस्तू त्याले न विचारता काढून फेकू का? तुह्या पत्रकात काय लिवलं हाय त्याचं?”

माझ्या पत्रकात त्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

काकूंनी बशी खाली ठेवली. “मंग मालकालेच विचार न. थो त इथंच बसून चहा पिऊन राहिला.”

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी कप तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. तीळ माझा म्हणावं, तर आजवरची सगळी पत्रकं पाण्यात. माझा नाही म्हणावं, तर आत्या म्हणणार, तुले काय मालूम.

मी पुटपुटले, “बाबा, तत्त्व.”

“तू थांब,” बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. “बाई, तीळ माहा हाय म्हनतेस?”

“हाय.”

“पक्का?”

“पक्का.”

“मंग तुह्यापाशी थो फक्त सांभाळाले देला होता. बरोबर?”

“बरोबर.”

“मले वापस पाहिजे. काढून दे.”

आत्याचा हात खांद्यामागे गेला. मग अगदी हळू म्हणाली, “अन् तुले काई झालं त?”

“मले तीळ नाही पाहिजे,” बाबा म्हणाले. “मले बाई पाहिजे.”

आत्याने पदर तोंडाला लावला. काकूंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, “घेऊन टाक गा. वाढलेलं पोटबी तुहंच, अन् वाढलेला तीळबी तुहाच.” तिथून पुढे कोण रडत होतं आणि कोण हसत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. परत जाताना मी बाबांना म्हटलं, हे तत्त्वात बसत नाही. ते म्हणाले, “मी खोटं कुठं बोललो? तिचंच म्हणणं धरून पुढं गेलो.” यावर मी अजून विचार करते आहे.

ऑपरेशन म्हणजे तेवढीच जागा बधिर करून तीळ आजूबाजूच्या कातडीसह काढणं. आत्या पूर्ण जागी होती. आम्ही दोघं दाराबाहेर बाकावर. आतून आवाज आला, “बाबू, हाय का?”

“हाय.”

थोड्या वेळाने परत, “हाय का गा?”

“हाय वं.”

तीळ निघतोय आणि भाऊ जगतोय की नाही, याची ती दर घडीला खात्री करून घेत होती. डॉक्टरबाईही मग तालात आल्या. “आजी, आता टाका घालते, विचारून घ्या.” आणि नेमके तेव्हाच बाबा पाणी प्यायला उठून गेले होते.

“बाबू, हाय का?”

मी तोंड उघडेपर्यंत आतून धडपड ऐकू आली. “सोडा मले. बाबू बोलून नाही राहिला. सोडा.” नर्स ओरडली, झोपा, हलू नका. मी कॉरिडॉरमध्ये धावले. बाबा पलीकडच्या टोकाला तोंडावर पाण्याचे हबके मारत उभे होते. ते ओल्या तोंडाने, एका पायात चप्पल, धावत आले आणि दाराला तोंड लावून म्हणाले, “हाय, हाय, हाय, हाय.”

“मंग सांगून जात जा न,” आतून आत्या म्हणाली. “इथं माहा जीव गेला असता.”

कापलेला तीळ तपासून आला. कॅन्सरच होता, पण अगदी वरच्या थरात, खाली उतरला नव्हता, आणि कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता ठरलेल्या वेळी दाखवायला यायचं, आणि बाकी भात लावा. ते ऐकून आम्हाला जी भूक लागली ती कोहमाऱ्याच्या धाब्यावर उतरल्यावरच थांबली. बाबांनी भज्यांची तिसरी प्लेट मागवली. आत्याने ती त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाली, “खा. आता तुले सांभाळाचं काम तुहंच हाय. मी मोकळी.” मग तिने पहिल्यांदाच खांदे दोन्ही बाजूंनी नीट ताणून आळस दिला, टाक्यांमुळे कळवळली, आणि त्यावरही हसली.

ती आज रोवण्यात परत सगळ्यांच्या पुढे असते. तिचा तीळ पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहिला असता, तर मी हे वेगळ्या तऱ्हेने लिहिलं असतं. तो तीळ ओळीतल्या प्रत्येक बाईला दिसत होता. कोणी लपवला नव्हता, कोणाच्या मनात वाईट नव्हतं, फक्त प्रत्येकीला वाटलं की तिला माहीत असेल.

म्हणून मागणं एवढंच आहे. पत्रक खिशात घालून विसरतात तसं हे विसरू नका. आज घरी गेल्यावर आईची पाठ बघा, बहिणीची बघा, बापाचे तळपाय बघा, जिच्याशेजारी वाकून काम करता तिचा खांदा बघा. एखादा तीळ वाढला असेल, कडा बिघडली असेल, रंग बदलला असेल, तर तो कोणाचा आहे याची चर्चा नंतर करा. आधी तिला सांगा, आणि तिचा हात धरून डॉक्टरकडे घेऊन जा.